चौघांपुरता उपमा

लग्नाला पन्नास माणसं, असा हुकूम निघाला. मग दुसरा: लग्नाला वीस. त्यात नवरानवरी धरून.

०

सगळ्यात मोठ्या पितळी हंड्यात मांजरीने पिल्लं घातली. हंडा गोठ्यात आडवा पडलेला होता, आत वारा लागत नव्हता. मांजरीची निवड वाईट नव्हती.

०

नैवेद्य दाखवायच्या आधी पदार्थ चाखायचा नाही. मीठ वाफेच्या वासावरून ओळखायचं. ज्याला ओळखता येत नाही त्याने वाढप करावं.

०

सतीशकुमार मोपेडवरून मास्क विकतो. पूर्वी तो लग्नांत वडे तळत असे. गिऱ्हाइकाला मास्क देताना अजूनही हात झटकतो, जणू तेल निथळायचं आहे.

०

"मुक्तांबाळ कॅटरिंग. लग्न, मुंज, साठीशांत. प्रोप्रायटर: गुरुमूर्ती राव." तमिळ अक्षरांतला हा फ्लेक्स, मालकाच्या हसऱ्या फोटोसकट, न्हाणीघरावर छप्पर म्हणून बांधलेला आहे. आंघोळ करताना वर पाहिलं की मालक उलटा दिसतो.

०

भागीरथीचा फोन टिंग वाजला. तिने ओले हात पदराला पुसले, फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि अंगणात बसलेल्या नवऱ्याला सांगितलं, "आलं हो."

गुरुमूर्ती केळीच्या वाळल्या सोपटाच्या दोऱ्या काढत होता. कुणाला लागणार नव्हत्या. हात स्वस्थ बसत नव्हते म्हणून काढत होता.

"काय आलं?"

"सरकारचं. माझ्या खात्यांत."

त्याने दोरी दातांत धरली आणि टरकन फाडली.

बऱ्याच वर्षांपूर्वी शेजारच्या ताराबाईने गल्लीतल्या बायकांना गोळा करून तंजावूरच्या बसमध्ये घातलं होतं. कामगार मंडळात नावं लावायला. भागीरथी लग्नांत भाजी चिरायची, वाटण वाटायची, म्हणून तिचं नाव 'स्वयंपाक कामगार' असं लागलं. तेव्हा गुरुमूर्ती हसून हसून खोकला होता. "कामगार! प्रोप्रायटराची बायको कामगार!"

आता लग्नं बंद, मंडप बंद, आणि सरकारने मंडळातल्या कामगारांना मदत धाडली होती. भागीरथीला मिळाली. सतीशकुमारला मिळाली. रसमवाल्याला, पाणी भरणाऱ्याला, वाढप्यांना मिळाली, कारण गेल्या साली गुरुमूर्तीनेच त्यांना दाखले दिले होते: हे माझ्या हाताखाली काम करतात. खाली वळणदार सही, आणि सहीखाली प्रोप्रायटर. दाखले देताना त्याने नवीन पेन आणलं होतं.

सतीशकुमार एक फणस ठेवून गेला होता. "अण्णा, तुमच्या सहीने झालं."

फणस गोड निघाला. गुरुमूर्तीने दोन गरे खाल्ले आणि बाकीचे मुलीकडे सरकवले.

मुलगी हरिता, कॉलेजात. कॉलेज म्हणजे सध्या नारळाच्या बुंध्याला टेकून बसणं, कारण फोनला रेंज तिथेच येत असे. तिची फी भरायची होती. भागीरथीच्या मदतीत घर चालत होतं, फी बसत नव्हती. कुंभकोणमचा भांडीवाला शुक्रवारी येतो म्हणाला होता. मोठा हंडा बघून गेला होता. वितळवायला चांगला आहे, म्हणाला होता.

हंडा गेला की पाचशे पानांचं सांबार कशात करायचं, हे भांडीवाल्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

०

बँकेत. सोमवार. काचेला भोक, भोकाला प्लॅस्टिक, प्लॅस्टिकमागे साहेब.

धंद्यांना सरकारी हमीवर कर्ज आहे म्हणे.

आहे.

माझा धंदा आहे.

नोंदणी?

फ्लेक्स आहे.

फ्लेक्स नाही, नोंदणी.

अख्खा ओरत्तनाडु गांव ओळखतो मला. तुमच्या आधीच्या म्यानेजरच्या मुलीचं लग्न मीच जेवूं घातलों.

कसं होतं?

पायसम संपलं नाही, इतकं केलेलों.

मग तुम्ही असं करा अय्या, कामगार मंडळाकडे जा.

०

"कुठं जायचं मी," गुरुमूर्ती घरी येऊन म्हणाला, "इथं धंदा नव्हे, तिथं कामगार नव्हे. मग मी कोण गे?"

"जेवायला बसा," भागीरथी म्हणाली. "आधी जेवणारे व्हा."

"थट्टा करतेस."

"मग काय रडूं? ताराबाई सांगितली, उद्यां मंडळाची बाई येणार आहे गावांत. नवीन नावं लावणार, घरोघरीं जाऊन बघणार. अर्ज द्या."

"कामगार म्हणून?"

"नाहीं, महाराजा म्हणून."

हरिता हसली आणि नेमकं तेव्हाच तिचा वर्ग सुरू झाला, त्यामुळे तमिळ प्राध्यापकाने तिला कारण विचारलं.

०

मंडळाची बाई गायत्री. कोइंबतूरहून बदलून आलेली, दोन मास्क, गळ्यात ओळखपत्र, हातात छत्री. अंगणातल्या दगडी ओट्यावर बसायला तिने नकार दिला आणि उभ्यानेच बोलली. तमिळमध्ये, भरभर.

"अय्या, अर्जात स्वयंपाकी लिहिलंय. आणि गेल्या साली पाच जणांना दाखला कुणी दिला? तुम्हीच. मालक म्हणून. मालकाला कामगाराची मदत कशी देऊ?"

"मालक सहीपुरता, अम्मा. चुलीपाशी मीच."

"सगळे तेच सांगतात. या गावात अचानक किती स्वयंपाकी झालेत माहितेय? सकाळपासून भेटलेत त्यातल्या एकाला मोहरी कुठली आणि नाचणी कुठली ते सांगता येईना."

"मला येतं."

"मग करून दाखवा. फार नको. चौघांपुरता उपमा. मी तोवर पलीकडची घरं करून येते."

ती छत्री उघडून गेली. गुरुमूर्तीने कमरेचं मुंडं, लुंगीसारखं पांढरं धोतर, वर खोचलं. बायकोकडे पाहिलं नाही.

"मी करूं?" भागीरथीने विचारलं.

"बाजूला हो."

"चौघांचा कधी केलांत?"

"पाचशेंचा करणाऱ्याला चौघांचा येत नाहीं होय?"

०

चौघांपुरता उपमा. कृती.

घरातली लहान कढई घ्या. ती चुलीवर ठेवा आणि चुलीत लग्नात घालतात तेवढी लाकडं घाला. कढई लाल होईल. तेल ओता. मोहरी टाका, मोहरी तडतडणार नाही, उडून अंगणात जाईल. रवा टाका. तो करपेल. काढून कोंबड्यांना घाला. कोंबड्या बघून निघून जातील.

पुन्हा रवा घ्या. या वेळी लाकडं ओढा. पाणी ओता. मिठासाठी हात डब्यात घाला. चिमटीला सवय नसेल तर मूठ आपोआप भरते. मूठ सोडा.

वाकून वास घ्या. एवढ्याशा कढईतून वाफ येते ती नाकापर्यंत पोहोचत नाही. चाखू नका. आजवर चाखलेलं नाही, आजही चाखू नका.

०

"चाखा हो," भागीरथी म्हणाली.

"देवाला दाखवल्याशिवाय?"

"देव आज क्वारंटाइनमध्ये आहे. चाखा."

"नाहीं."

तिनेच बोटाने चाटून पाहिलं. मग ती घागरीपाशी गेली आणि दोन पेले पाणी प्यायली.

"पाणी वाढवा," ती म्हणाली.

पाणी वाढलं तसा उपमा पातळ झाला. पातळ झाला म्हणून रवा वाढवला. रवा वाढला म्हणून कढई पुरेना. सगळं पातेल्यात ओतलं. पातेल्यात मीठ अजून जास्त होतं, म्हणून पुन्हा पाणी, पुन्हा रवा. घरातला रवा संपला. हरिता ताराबाईकडे धावली, ती पिशवी घेऊन आली. ताराबाईसुद्धा पिशवीमागून आली आणि दारात उभी राहून सल्ले देऊ लागली.

"कांदा घाला भावोजी, मीठ ओढतो."

"अप्पा, बटाटा घाल, यूट्यूबवर सांगतात."

"सगळ्या जणी गप!"

पातेलं तोंडापर्यंत आलं. लाकडाच्या धुराने डोळे चुरचुरत होते, पाठीवर घामाचा ओघळ मुंड्यापर्यंत गेला होता. गुरुमूर्ती क्षणभर कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि ओरडला, "हंडा आण!"

"हंड्यांत पिल्लं आहेत!"

"मग पिल्लं काढ!"

हरिताने पिल्लं केळीच्या पानावर मांडली. मांजरीने कुणाच्या तरी पायाला ओरबाडलं, ताराबाई किंचाळली. हंडा घासला, कालव्याच्या पाण्याने धुतला, अंगणात चर खणून तीन दगडांवर बसवला. सतीशकुमार मास्क विकत रस्त्याने चालला होता. धूर बघून थांबला, मोपेड भिंतीला टेकवली आणि न विचारता लांब दांड्याचा पळा उचलला. रेशनच्या पोत्यातला रवा आला, समोरच्या घरातला आला. भागीरथी कांदा चिरायला बसली. सवयीने तिने इतका चिरला की शेजारच्या घरातही डोळे पाणावले.

आता हंड्यातून वाफ खांबासारखी वर चढली. गुरुमूर्ती वाकला नाही. तीन पावलं मागे गेला, डोळे मिटले, नाक वर केलं.

"अजून दोन घागरी," तो म्हणाला. "मग बसलं."

०

गायत्री परत आली तेव्हा गल्लीत डबे घेऊन रांग लागली होती, एकमेकांपासून हात-हात लांब. कुणीतरी तिलाही पानावर उपमा दिला. मास्क खाली करून, भिंतीकडे तोंड करून तिने खाल्ला. पान स्वच्छ झालं.

"चौघांपुरता सांगितला होता," ती म्हणाली.

"पहिले चौघे हे," सतीशकुमारने रांगेतल्या पहिल्या चौघांकडे पळ्याने दाखवलं.

गायत्री हसली. डोळ्यांनीच, बाकी चेहरा पुन्हा मास्कमागे गेला होता. मग तिने छत्री काखेत धरली. "अय्या, तुम्ही स्वयंपाकी आहात हे पटलं. शंका नाही. पण हे सगळे तुमच्या शब्दावर हलतात, हंडा तुमचा, पळा तुमचा. मला पटलं ते हे की तुम्ही मालक आहात."

"मग?"

"मग मला नाही देता येत. कुणाच्या हाताखाली काम करता, त्याचा दाखला असेल तर बोला. शुक्रवारी सकाळी मी शाळेच्या फाटकाशी शिबिर लावणार आहे. त्यानंतर या गावाची नोंदणी बंद."

ती गेली. गुरुमूर्ती ओट्यावर बसला. दंडावर उडालेल्या उपम्याचा फोड आला होता, तो त्याने फुंकला.

हंड्यात अजून अर्धा उपमा होता.

०

तो उपमा भागीरथीने टाकला नाही. सतीशकुमारच्या मोपेडवर पातेलं बांधून ती मुख्य रस्त्यावरच्या शाळेत गेली. शाळेत आजारी माणसांना ठेवलं होतं. जेवण गाडीने लांबून यायचं आणि येताना थंड व्हायचं. नर्सने दारातच झाकण उघडलं, वाफ आली, तिने आत हाक मारली.

संध्याकाळी भागीरथी परतली ती पायरीवर बसूनच बोलली.

"काम मिळालं. शाळेच्या मागच्या आवारांत रोज स्वैंपाक. तीन वेळ."

गुरुमूर्ती ताडकन उठला. "अरे! मुक्तांबाळ कॅटरिंगला?"

"नाहीं. बायकांच्या गटाला. बचतगटालाच देतात ते. ताराबाई, मी, आणि आमच्या बायका."

"आणि गटाची पुढारी कोण?"

भागीरथीने चपला काढल्या, एकावर एक ठेवल्या. "मी हो. कोण असणार."

तो पुन्हा बसला.

"हंडा लागेल," ती म्हणाली.

"शुक्रवारीं भांडीवाला येणार आहे."

"येऊं दे. तोवर तर आपला आहे. आणि पळा मारायला माणूस लागेल. आमच्यांत कुणाचे हात पोंचत नाहीत."

"सतीशकुमारला सांग."

"त्याला सांगितलों. अजून एक लागतो."

गोठ्याकडून मांजर ओरडत होतं, जागा गेल्याची तक्रार.

"विचार करतों," गुरुमूर्ती म्हणाला.

"पहांटे चारला चूल पेटते. विचार त्याआधी संपवा."

०

पहिला दिवस. तो उशिरा गेला, म्हणजे साडेचारला. भागीरथीने सगळ्यांसमोर मनगटाकडे बोट दाखवलं. मनगटावर घड्याळ नव्हतं.

"लाकूड कमी करा," ती म्हणाली.

"पोंगलला एवढं लागतं."

"लाकूड गटाचं आहे. कमी करा."

त्याने केलं. पोंगल उशिरा शिजला, पण खाली लागला नाही.

दुसरा दिवस. तिने मीठ चाखलं. हंड्यातून पळीभर रसम तळहातावर घेऊन, सरळ. तो तोंड फिरवून उभा राहिला.

"आजारी माणसाला मीठ बेताचं लागतं," ती म्हणाली. "वासानं डाक्टरला कळत नाहीं."

"वाफेला वास बरोबर होता."

"वाफेला असेल. नर्स मला विचारते, वाफेला नाहीं."

ताराबाई कोबी चिरता चिरता खदखदून हसली. "भावोजी, हळू. नवीन आहांत, काढून टाकतील."

"हिला आधी काढा," गुरुमूर्ती म्हणाला, आणि बायकांमध्ये असा हशा उठला की शाळेच्या खिडकीत एक म्हातारा रुग्ण येऊन उभा राहिला. त्याने खिडकीतूनच विचारलं, आज वडा आहे का. सतीशकुमारने दोन्ही हात झटकून दाखवले: उद्या, ताता, उद्या.

गुरुमूर्ती दुपारी झाडाखाली आडवा झाला. खांदे भरून आले होते, तळहाताला नवे घट्टे उठत होते, पोट भरलेलं होतं. कित्येक महिन्यांत त्याला दुपारी झोप लागली नव्हती. त्या दिवशी लागली, आणि भागीरथीने पाण्याचे शिंतोडे मारून उठवलं.

"भांडीं कोण घासणार?"

"मी पळा मारायला आलों!"

"पळा कशांत मारलांत?"

०

शुक्रवार. भांडीवाल्याचा टेंपो घरी जाऊन, घर बंद बघून, विचारत विचारत शाळेत आला. हंडा चुलीवर होता, आत सांबार खदखदत होतं.

"हा आज न्यायचा होता," भांडीवाला म्हणाला.

"ने," सतीशकुमार म्हणाला. "गरम आहे, फडक्याने धर."

भांडीवाला झाडाखाली वाट बघत बसला. ताराबाईने त्याला जेवायला वाढलं.

शाळेच्या पुढच्या फाटकाबाहेर गायत्रीने टेबल मांडलं होतं. रांग संपली तशी ती वासाच्या मागे मागच्या आवारात आली. छत्री मिटलेली. गुरुमूर्ती चुलीपाशी होता, उघडा, कमरेला मुंडं, गळ्यापर्यंत राख. भागीरथी त्याला सांगत होती: "तळापासून. वरवर नको. तळापासून ढवळा." आणि तो तळापासून ढवळत होता.

गायत्री छत्री टेकत पुढे झाली.

"अय्या, तुम्ही इथे?"

"हो अम्मा."

"हे काम कुणाचं?"

"बायकांच्या गटाचं," ताराबाई मध्येच म्हणाली. गायत्रीने तिला हाताने थांबवलं.

"त्यांना सांगू दे. अय्या, तुम्ही इथे कुणाच्या हाताखाली काम करता?"

पळा थांबला. कोबी चिरणाऱ्या सुऱ्या थांबल्या. झाडाखालच्या भांडीवाल्याने घास तोंडाशी धरून ठेवला. हरिता शाळेच्या आवारातल्या नारळाखालून फोन घेऊन आली होती, फोनमध्ये प्राध्यापक एकटाच बोलत होता.

गुरुमूर्तीने पळा सतीशकुमारकडे दिला आणि खांद्याने कपाळ पुसलं. राख कपाळावर गेली. त्याने हंड्यात पाहिलं, मग पत्र्याच्या छपराकडे, मग दुसरं कुठे बघायला उरलं नाही म्हणून बायकोकडे.

"हिच्या," तो म्हणाला.

"काय?" भागीरथी म्हणाली. "जोरानं. चुलीचा आवाज आहे."

"हिच्या हाताखालीं! भागीरथीच्या! तीन दिवस झाले, लाकूड मोजून देते, झोपूं देत नाहीं, भांडीं घासवते! लिहा अम्मा, सगळं लिहा!"

"एवढं लिहायला जागा नाही," गायत्री म्हणाली.

तिने कागद पुढे केला. भागीरथीने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. तमिळमध्ये, सावकाश, एकेक अक्षर गोल करत तिने सही केली. खाली काय लिहायचं ते तिने विचारलं.

"पुढारी, बचतगट," गायत्रीने सांगितलं.

"प्रोप्रायटर लिहू नये?" भागीरथीने विचारलं, आणि सतीशकुमारच्या हातातला पळा हंड्यात पडला.

"सांबार!" गुरुमूर्ती ओरडला. "अरे, तळाला लागेल!" त्याने सतीशकुमारला कोपराने ढकललं, चिमट्याने पळा बाहेर ओढला, फडक्यात धरला आणि ढवळू लागला, तळापासून.

गुरुमूर्तीलाही मदत मिळाली, आणि हरिताची फी महिन्याअखेर भरली गेली. भांडीवाल्याने जाताना सांबार डब्यात बांधून नेलं आणि हंड्याला एकदा बोटाने टकटक करून पाहिलं, बाहेरूनच. शनिवारी वडे झाले.

०

गुरुमूर्ती पहिल्यांदा लग्नाच्या स्वयंपाकाला गेला तेव्हा तो पाणी ओढायला होता, आणि त्या स्वयंपाकाचा मक्ता भागीरथीच्या वडिलांचा होता.